दोषाचा रकाना

“एकेचाळीस घरं, आणि एकही दोष नाही?”

केळशीकर मॅडमनी माझी वही मिटली आणि तिच्यावर आपला चष्मा काढून ठेवला. चष्मा काढला की त्या जास्त पाहतात, हे मला तोवर कळलं नव्हतं.

“गाव चांगलं आहे, मॅडम.”

“अढाऊ, बारा वर्षं गावं तपासतेय मी. माणसं चुकतात आणि तपासणारा त्या चुका पकडतो, अशी वही मला समजते. तुमची वही वाचून मला एवढंच कळलं, की इथं कोणी तपासत नाही. या वर्षी सोडते. पुढच्या वर्षी हा रकाना असाच कोरा दिसला तर सगळ्या गटाचं प्रमाणपत्र थांबवीन.”

ही गोष्ट चिखलदऱ्याहून तासाभराच्या वाटेवर असलेल्या जामुनबर्ड्याची. सगळी वस्ती कोरकूंची. वनहक्काचे पट्टे मिळाले तेव्हा गावामागची टेकडी पार बोडकी होती. चरून खाल्लेली, तोडून नेलेली, पावसात वाहून गेलेली. त्या टेकडीवर आमच्या संस्थेनं कॉफी लावायचं काढलं. हिशोब सोपा होता. कॉफीला सावली लागते, सावलीला झाड लागतं. झाड लाव म्हटलं तर माणूस लावत नाही. कॉफीसाठी लाव म्हटलं तर लावतो, आणि पुढे राखतोही. जांभूळ, आवळा, आंबा, पांगारा वर आले, त्यांच्याखाली कॉफी आली. नवव्या वर्षी पायाखाली वीतभर पाला होता आणि नाल्याला फेब्रुवारीपर्यंत पाणी. गावात कॉफी पिणारा मात्र एक नव्हता. “जळक्या ज्वारीचं पानी,” म्हणत.

माल परदेशी जायचा, कारण तो बिनविषारी असल्याचा कागद होता. कागद एकट्याचा नव्हता, एकेचाळीस घरांचा मिळून एक होता. वर्षातून एकदा मॅडम पुण्याहून येऊन तो नवा करून देत. त्याआधी घरोघर जाऊन आपल्याच माणसांना तपासायचं, वही लिहायची, कोणी बंदीचं औषध वापरलं तर ‘दोष’ या रकान्यात नोंदवायचं. हे काम माझं.

तर रकाना कोरा होता. गाव मात्र कोरं नव्हतं. सुकलाल कासदेकर, गटाचा अध्यक्ष, यानं त्या आषाढात तण जाळायचं औषध मारलं होतं. त्याच्या दोन ओळींतलं गवत असं पिवळं पडलं होतं, की आंधळ्यालाही दिसावं. औषधाचा रिकामा डबा त्यानं धुऊन घेतला होता आणि रोज सकाळी तोच घेऊन तो नाल्याकडे जात असे. सोनकली धांडे युरिया टाकायची. “कॉफीले नाई सायेब, वांग्याले!” वांगी कॉफीच्या बुंध्याशी होती. पतिराम चुलीभोवती मुंग्यांची पावडर टाकायचा आणि चुलीशेजारी फळं वाळवायचा. सगळ्यांचं सगळं मला पाठ होतं. वहीत काहीच नव्हतं.

कारण यातलं काहीही लिहिलं की मॅडम माती नेणार, मातीत खरंच विष सापडणार, आणि मग दोष एका घराचा राहणार नाही. शिवाय सुकलालचं नाव लिहिलं तर सुकलाल उरलेल्या चाळिसांची नावं सांगणार. मला एक दोष हवा होता. कागदावर दिसेल, पण मातीत सापडणार नाही असा. आणि तो अशा माणसाचा, जो दुसऱ्या कोणाचं नाव घेणार नाही.

असा माणूस गावात एकच होता.

बिसराम बेठेकर. बोडक्या टेकडीवर पहिलं रोप लावणारा. लोक हसले तेव्हा तोही हसला आणि दुसरं लावलं. त्याचा प्लॉट सगळ्यांच्या वर, माथ्यालगत. पांगाऱ्याच्या फांद्या त्याच्या मुलानं, मनसूनं, डोक्यावरून वाहून आणून रोवल्या होत्या. तिसऱ्या वर्षी रोपांना पाला घालताना मनसूच्या हाताला साप चावला. खाली आणेस्तोवर संपला. वय एकोणीस. मागे भाऊ-बहीण नाही.

कोरकूंमध्ये गेलेल्या माणसासाठी सागवानी खांब कोरून पुरतात. वर चंद्र-सूर्य, मध्ये घोड्यावरचा स्वार. त्याला मुंडा म्हणतात. बिसरामनं मनसूचा मुंडा त्याच पांगाऱ्याखाली उभा केला. स्वाराच्या हातात सगळे तलवार कोरतात. यानं रोप कोरायला लावलं. फळं तोडताना बिसरामची बायको फुलकी पहिली ओंजळ त्या खांबाशी ठेवायची आणि मग टोपली भरायला लागायची. टोपली भरताना बोलतही असायची. “यंदा बारीक हायेत रे. तू असता तं पानी टाकलं असतं.”

मॅडम बोलून गेल्या त्याच्या पुढच्या दिवाळीनंतर बिसराम मला वाटेत भेटला.

“सायेब, मुंड्याले वाळवी लागली.”

“राख टाक.”

“टाकली. कडुलिंबाचं पानीबी टाकलं. खालून खाऊन राह्यली. मनसू झुकला थोडासा.” त्यानं तळहात तिरका करून दाखवला, झोक्यातल्या पोराची मान दाखवावी तसा. “काई उपाय असन तं सांगा.”

“बघू,” मी म्हणालो.

जानेवारीत मी वही घेऊन घरोघर निघालो. सुकलालच्या ओसरीवर बसलो.

“काही वापरलं का, अध्यक्ष?”

“राम राम म्हना! आपन नियम केले, आपनच मोडू काय?”

नियमाचा डबा त्याच्या मागे खुंटीला टांगलेला होता. मी लिहिलं : निरंक.

सोनकली निरंक. पतिराम निरंक. मग माथ्यावर गेलो. बिसराम फळं पसरत होता. मला पाहून उभा राहिला, हात धोतराला पुसले, आणि मी विचारायच्या आधीच म्हणाला, “मी मुंड्याले औषध पाजलं, सायेब. वाळवीचं. बुडाशी ओतलं अन् लाकडात भोकं पाडून आतबी. लिहा.”

“नियम माहीत होता?”

“होता.”

“मग?”

तो जरा वेळ माझ्याकडे पाहत राहिला. “मनसू पडला असता,” म्हणाला.

मी लिहिलं. सुवाच्य अक्षरात, तारखेसह. त्यानं अंगठा न उठवता सही केली. मनसूनं शिकवलेली सही होती. ब मोठा, बाकी सगळं एका ओळीत घाबरून बसलेलं.

“मुंड्याले तं काई होनार नाई?”

“खांबाचा काय संबंध? दोष माणसाचा असतो. एक वर्ष तुझा माल वेगळा मोजतील, संपलं.”

“मुंड्याले हात नाई लावनार ना कोनी?”

“नाही रे बाबा.”

“माल जाऊ द्या. मुंडा तेवढा राहू द्या.”

“सांगितलं ना.”

चौथ्यांदा त्यानं नुसतं पाहिलं. मी वही मिटली.

मॅडम फेब्रुवारीत आल्या. माल पोत्यांत भरून संस्थेच्या शेडमध्ये तयार होता, चौथ्या दिवशी गाडी येणार होती. वही उघडून त्यांनी दोषाचा रकाना पाहिला आणि चक्क हसल्या.

“आता हे माणसांचं गाव वाटतं. स्वतः होऊन सांगितलं? वा. चला, जागा पाहू.”

जागा पाहू म्हणतील हे मी धरलंच होतं. माती नेतील हेही. पुढचं धरलं नव्हतं.

आम्ही वर गेलो तेव्हा मागोमाग अर्धं गाव आलं. दोष आपला नसला की तो बघायला जायला माणसाचे पाय दुखत नाहीत. सुकलाल सगळ्यांत पुढे. मॅडम मुंड्यासमोर उकिडव्या बसल्या. घोडा पाहिला, स्वाराच्या हातातलं रोप पाहिलं. चप्पल काढून बाजूला ठेवली होती त्यांनी. बाई वाईट नव्हती.

“हा कोणाचा?”

“आमचा मुलगा हाय,” फुलकी म्हणाली. होता म्हणाली नाही.

मॅडम बिसरामकडे वळल्या.

“औषध कुठून आणलंत, काका?”

“परतवाड्याहून.”

“कोणी सांगितलं वापरायला?”

बिसराम माझ्या बुटांकडे पाहत होता. “कोनी नाई. माह्याच मनानं.”

“बाटली आहे?”

“फेकली.”

आता सांगायला हरकत नाही. बाटली मी दिली होती. दिवाळीनंतर आठ दिवसांनी, संध्याकाळी, त्याच्या घरी जाऊन. “कोणाला बोलू नको, पण मनसूचा खांब पडलेला मलाही बघवणार नाही,” असं म्हणून. लेबल खऱ्या औषधाचं होतं. आत माझ्या अचलपूरच्या घरच्या नळाचं पाणी होतं आणि वासासाठी, रंगासाठी दोन झाकणं फिनेल. खरं औषध देऊन मी माती बिघडवणार नव्हतो, एवढा मी गटाशी प्रामाणिक होतो. जानेवारीत विचारलं की बिसराम खोटं बोलणार नाही, मला दोष मिळेल. माती नेली की ती स्वच्छ निघेल, गटाला कागद मिळेल. बिसरामचा एका वर्षाचा माल वेगळा पडेल, तो मी पुढे कशात तरी भरून काढीन. कोणाचंच नुकसान नाही. असा बेत मला पुन्हा कधी सुचला नाही.

मॅडमनी मातीची पिशवी भरली, चिठ्ठी लावली. मग मुंड्याला केलेल्या भोकांवरून बोट फिरवलं.

“अडचण मातीची नाही, अढाऊ. हे लाकूड आहे. औषध पाजलेलं लाकूड प्लॉटमध्ये उभं ठेवता येत नाही. पाऊस पडला की त्यातून उतरत राहणार. एक तर हे आज काढा आणि बुडाची माती बाहेर टाका, मी फोटो घेते, विषय मिटला. नाहीतर हा प्लॉट तीन वर्षं गटाबाहेर.”

“बाहेर काढा मले,” बिसराम लगेच म्हणाला. “तीन काय, पाच साल काढा.”

मॅडमनी खालच्या उताराकडे पाहिलं. “काका, तुमचं पाणी खाली या सगळ्यांच्या प्लॉटमधून जातं. तुम्ही बाहेर गेलात तर खालचे अकराही जातील.”

मागं कुजबुज झाली. कुजबुजीत अकरा आवाज होते आणि ते सहज मोजता येत होते.

“मातीचा कागद येऊ द्या ना, बाई,” फुलकी म्हणाली. “त्यात काई निघालं तं काढू. नाई निघालं तं कायले काढायचं?”

“थांबू शकते मी,” मॅडम म्हणाल्या. “तुमचं म्हणणं बरोबर आहे. अहवालाला दोन महिने लागतील. तोवर सगळ्या गटाचा माल शेडमध्ये राहील. तुम्हीच ठरवा.”

त्या बाजूला जाऊन झाडं पाहत उभ्या राहिल्या.

“दोन महिने!” पतिराम म्हणाला. “गाडी तं शनवारी हाय.”

“गाडी परत गेली की पुढच्या साली येते काय ते?” सोनकली म्हणाली.

सुकलालनं बिसरामच्या खांद्यावर हात ठेवला. “हे पाय, दादा. तुले कोनी वाईट नाई म्हनत. पन नियम म्हंजे नियम. एकानं औषध वापरायचं अन् चाळिसांनी भोगायचं, असं कसं? आपन सगळे मिळून नवा मुंडा करू. यापेक्षा मोठा. घोडाबी मोठा.”

“मुंड्यात बसलेल्या पोराले दुसऱ्यांदा नाई बसवत,” बिसराम म्हणाला. “तुलेबी माहीत हाय, सुकलाल.”

“मंग औषध टाकताना हे सुचाले पायजे होतं!”

ज्याच्या खुंटीला डबा होता तो हे बोलला, आणि जिच्या वांग्यांना युरिया होता तिनं मान डोलावली. मी वही छातीशी धरून उभा होतो. सगळ्यांचं निरंक माझ्या हातात होतं. मला तीनच शब्द बोलायचे होते : बाटलीत पाणी होतं. बोललो असतो तर मुंडा राहिला असता. मग माझी नोकरी गेली असती आणि गटाचा कागदही, कारण जो दोष तयार करतो त्याचं निरंक कोण मानणार? हे सगळं मी तिथं उभ्या उभ्या मांडून पाहिलं. एका बाजूला एकेचाळीस घरं आणि मी, दुसऱ्या बाजूला एक लाकूड. बेरीज चुकलेली नव्हती.

बिसरामनं माझ्याकडे पाहिलं. सगळ्यांदेखत, सरळ.

“सायेब, तुमी सांगा. काढू?”

“मॅडम म्हणतात तर काढावं लागेल,” मी म्हणालो.

त्यानं मान हलवली. फुलकी खांबाला पाठ टेकून बसली होती. तो तिला नाव घेऊन काहीतरी कोरकूत बोलला. ती उठली नाही. मग सोनकली आणि आणखी एकीनं तिला दंडाला धरून उठवलं. अगदी हळूच, मयतीच्या घरी उठवतात तसं.

श्रमदानाला बोलावलं तर जामुनबर्ड्यात पाच माणसं जमत नसत. त्या दिवशी घटकेभरात अकरा कुदळी आल्या. पहिला घाव सुकलालनं घातला. चार हात माती उकरावी लागेल असं वाटलं होतं. दीड हातावरच मुंडा हलला आणि बुडाशी बसका आवाज होऊन मोडला. आतून पोखरलेला होता. आणि त्या पोकळीतून, उजेड लागताच, पांढरी जिवंत वाळवी सैरावैरा बाहेर पडायला लागली. शेकड्यांनी. लठ्ठ, निरोगी, औषधाचा थेंब न लागलेली.

मॅडम कॅमेरा घेऊन वळतच होत्या.

मी बुटानं माती लोटली. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा चांगली दाबली. मॅडमना खड्डा दिसला, वाळवी दिसली नाही. त्यांनी फोटो घेतला.

मान वर केली तर बिसराम माझ्या बुटाकडे पाहत होता.

मुंडा त्यानं कोणाला उचलू दिला नाही. मोडकं टोक त्यानं खांद्यावर घेतलं, सूर्य-चंद्राचं टोक फुलकीनं धरलं, आणि दोघं प्लॉटच्या हद्दीबाहेर नाल्याकडे उतरली. तिथं वाळूत त्यांनी तो आडवा ठेवला. घोडा आभाळाकडे तोंड करून. जुलैत नाला आला तेव्हा घेऊन गेला.

शनिवारी गाडी आली आणि भरून गेली.

मातीचा अहवाल एप्रिलमध्ये आला. काहीही आढळलं नाही. माझा बेत शेवटच्या ओळीपर्यंत बरोबर निघाला होता. कॉफी फुलली होती, टेकडीभर पांढरी, वासानं जीव गुदमरावा अशी. मी कागद घेऊन माथ्यावर गेलो. वाटलं, म्हातारा निदान खूश होईल. कुठंतरी मला भरपाई सुरू करायची होती.

तो आळं करत होता. मुंड्याच्या खड्ड्यात त्यानं काही लावलं नव्हतं. तो तसाच होता, कडा ढासळलेला.

“बिसराम, तुझी माती स्वच्छ निघाली. विष नाही कुठं.”

“माहीत हाय,” तो म्हणाला.

“कसं?”

“बाटली टाकल्यावर आठ दिवसानं उकरून पायलं ना मी. वाळवी मजेत होती.” त्यानं आळ्यातला दगड काढून बाजूला ठेवला. “अन् फुलकीनं वास घेतला होता. ते आश्रमशाळेत फरशी पुसत होती चार साल. म्हने, हे तं फिनेल हाय. पानी घातलेलं.”

बुडाशी बसलेल्या माणसाशी उभ्यानं बोलणं मला जड जायला लागलं. मी बसलो.

“मग दोष का सांगितलास? औषध नव्हतंच तर?”

“तुमी एवढ्या लांबून पानी आनून दिलं,” तो म्हणाला. “उगाच कोनी पानी आनत नाई. म्हनलं, सायेबाले माह्या नावाचं काई काम असन. गावाच्या कामाचंच असन. तुमी वही घेऊन आले तवा देऊन टाकलं.” त्यानं आळ्याची कड तळव्यानं दाबली. “मुंडा जाईन हे तुमालेबी माहीत नव्हतं. मलेबी नव्हतं.”

“त्या दिवशी बोलायचंस. मॅडमसमोर.”

“तुमी होते ना तिथं,” बिसराम म्हणाला.

वर पांगाऱ्यावर मैना भांडत होत्या. मी अहवालाची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली.

“वहीतला दोष खोडता येईन काय आता?” त्यानं विचारलं.

“नाही. त्याच्यावर तर कागद मिळालाय.”

“मंग राहू द्या.” तो पुन्हा आळ्याकडे वळला. “एकच करा. पुढच्या साली नाव लागलं तं सरळ येऊन मागा. पानी आनू नका.”

याला सोळा वर्षं झाली. त्या टेकडीवर आता ऊन जमिनीला लागत नाही. लांबून माणसं बघायला येतात, जंगल परत कसं आणलं ते विचारतात, मी सांगतो. वहीचं ते पान मॅडम नव्या तपासनिसांना नमुना म्हणून दाखवत, असं ऐकलं.

मुंडा गेला त्याच्या पुढच्या जानेवारीत मॅडम यायच्या आधी मी पुन्हा घरोघर फिरलो. सुकलाल निरंक. सोनकली निरंक. पतिराम निरंक. शेवटी माथ्यावर गेलो आणि सरळ मागितलं.

बिसरामनं हात धोतराला पुसले. फुलकीला चहा ठेवायला सांगितलं. मग माझ्यासमोर बसून म्हणाला, “सांगा. यंदा काय केलं मी?”